आमच्या गल्लीची श्रीमंती

"आमच्या वडलांच्या दारात घोडा हुता," बंडूनाना हावळ म्हणाले. डॉक्टर पळणिटकरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे लिहा.

मी लिहिलं. नानांच्या त्या दारातून माणसालाही वाकूनच आत यावं लागे. आत नाना, नानी, दोन मुलगे, एक सून आणि शिलाईचं मशीन असा सगळा संसार एका खोलीत दाटीवाटीनं नांदत होता. अशा दारात घोडा उभा कसा राहत असेल, हा प्रश्न डॉक्टरांना पडला नाही. त्यांचे प्रश्न पुण्याहून छापून आले होते.

"त्यांची मिळकत साधारण कशी होती? कमी, मध्यम, की जास्त?"

"जास्त म्हंजे काय साहेब. येणारा-जाणारा जेवून जायाचा."

"जास्त," डॉक्टर मला म्हणाले. "आणि तुमची स्वतःची?"

इथं नाना जरा अडखळले. मागावरच्या मजुरीचा दर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, तिथं हात मारायला जागा नव्हती.

"मी मगदुमांच्यात हाय. मागावर."

"कमी," डॉक्टर म्हणाले.

निघताना नानींनी मला चुलीकडे ओढलं, हातावर साखर ठेवली आणि पुटपुटल्या, "काळजी करू नगंस वैजे. गल्ली तुला काय कमी पडू द्यायची न्हाई."

घोडा होता, हे खोटं नाही. फक्त तो मगदुमांच्या वडिलांचा होता आणि नानांचे वडील त्याला वैरण घालत.

ही गोष्ट मी नुकती बी. कॉम. होऊन घरी बसले होते तेव्हाची. आमची नांदवडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. पहाटेपासून असा खडखडाट, की इथला माणूस परगावी पाहुणा गेला तर शांततेनं त्याला झोप लागत नाही. आमचे आप्पा, म्हणजे गणपती बुगड, मगदुमांच्याच कारखान्यात मागावर होते आणि त्या खडखडाटात त्यांचा एक कान कामातून गेलेला होता. आई तिथंच कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती भरायचं काम बहुतेक बायकांकडेच असतं.

माझी धाकटी बहीण अलका त्या वर्षी दहावीला कन्याशाळेत पहिली आली. सांगलीच्या पॉलिटेक्निकला तिचा नंबर लागला, फी माफ झाली. राहायचं कुठं, एवढाच प्रश्न होता. मुंबईच्या देवकरण ट्रस्टचं सांगलीत वसतिगृह होतं, खास मागवाल्यांच्या मुलांसाठी, राहणं-जेवण फुकट. पण नेमके त्याच वर्षी ट्रस्टवर नवे विश्वस्त आले आणि त्यांना एक नवा विचार सुचला. गरिबाचं मूल गरीबच राहतं असं आपण धरून चाललोय, ते खरं आहे का, हे आधी तपासा. खरं नसेल तर वसतिगृह हवं कशाला? तपासायला त्यांनी पुण्याहून डॉक्टर पळणिटकरांना पाठवलं. हे अर्थशास्त्राचे डॉक्टर. तरी गल्लीतल्या दोघीतिघींनी त्यांना गुडघे दाखवून घेतलेच.

अहवाल येईपर्यंत अलकाची खोली थांबली. डॉक्टरांना हाताखाली गावातलीच शिकलेली मुलगी हवी होती, ते काम मला मिळालं. मला वाटलं, देव पावला. आमच्याकडे बाप मागावर, मुलगा मागावर, आणि मालकाचा मुलगा मालक. हे शोधायला विद्वान कशाला, डोळे पुरेत. गल्लीतून एक चक्कर मारली की अहवाल तयार आणि अलका सांगलीला. या आनंदात मला आमच्या गल्लीची रीत आठवलीच नाही.

रीत अशी, की सोयरीक ठरण्याआधी आमच्याकडे चौकशी येते. मुलाकडचा कुणी तिऱ्हाईत, इस्त्रीचा शर्ट घालून, भलतंच काहीतरी निमित्त काढून गल्लीत शिरतो आणि कुणाचं कसं चाललंय, वाडवडील काय करत, हे विचारत फिरतो. त्या माणसाला पोटातलं सांगायचं नसतं. एका घराची चौकशी आली की अख्ख्या गल्लीनं श्रीमंत व्हायचं. आज तुझ्या पोरीसाठी, उद्या माझ्या पोरीसाठी. तानूमावशीचा नवरा पिऊन गटारात पडलेला असताना, "त्यांचा निरंकार उपास हाय, चक्कर आली," असं चौकशीवाल्याला सांगून आमच्या गल्लीनं तिची थोरली उजवली होती. आता पुण्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बरोबर लग्नाची मुलगी आणि प्रश्न काय, तर तुमचे वडील काय करायचे. गल्लीनं यातून दुसरं काय समजायचं?

"मावशी, हे लग्नाचं न्हवं," तानूमावशीच्या दाराशी मी तिला हळूच बजावलं. "ट्रस्टचं काम हाय. अलकाच्या हॉस्टेलचं. जे असंल ते खरं सांगा."

"तुला सांगून करतील व्हय चौकशी?" मावशी म्हणाली. "ह्येचा भाचा हाय म्हणं पुण्यात. गोरा हाय. तू गप ऱ्हा."

आणि आत जाऊन तिनं डॉक्टरांना तिच्या सासऱ्याचे पाच हातमाग आणि जरीचा पटका सांगितला. नवऱ्यानं नुसती मान डोलावली. त्यांच्या पुढच्या घरी सावकारी निघाली, त्याच्या पुढच्या घरी कोल्हापूरच्या दरबारात कापड पुरवल्याचं निघालं. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतले सगळे मेलेले म्हातारे गर्भश्रीमंत झाले. त्यांचे मुलगे मात्र, काय करणार, सगळे मागावर.

चहाच्या गाड्याशी मी धीर केला.

"सर, लोक खोटं सांगायलेत."

"वैजयंता, उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. त्याची चूक होते," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "आणि चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणी वाढवून सांगतं, कुणी कमी करून. शेवटी त्या एकमेकींना कापतात. हे सिद्ध झालेलं आहे."

"आमच्या गल्लीत कमी करून कुणीच सांगत न्हाई, सर."

"मग दुसऱ्या गल्लीत सांगत असतील," ते म्हणाले आणि बरोबर आणलेलं उकळलेलं पाणी प्याले.

डॉक्टरांचं हे बोलणं तंतोतंत खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कारखानदारांच्या बंगल्यांकडे गेलो. तिथं पुण्याहून येणारा माणूस एक तर इन्कम टॅक्सचा असतो किंवा देणगी मागणारा, अशी समजूत होती. शिवाय मोठ्या माणसाच्या चरित्राला गरिबीचं पहिलं पान लागतंच. त्याशिवाय सत्काराचं भाषण सुरू कुठून करायचं?

"माझे वडील?" तात्यासाहेब मगदुमांनी डोळे मिटले. आमच्या आप्पांचे हेच मालक. "अंगावर एक धोतर. कापडाचे तागे डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जायचे. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो, डॉक्टर."

गावात वीज पहिल्यांदा आली ती मगदुमांच्या घरात. रस्त्यावर दिवे लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण माझं काम लिहिण्याचं होतं.

भिंतीवर थोरल्या मगदुमांची तसबीर होती. रेशमी पटका, मिशांना पीळ, आणि खाली ऐटबाज पांढरा घोडा.

"हा घोडा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो फोटोवाल्याचा," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "जत्रेत काढलाय."

डॉक्टरांना भरून आलं. "कमी," ते मला म्हणाले. मग बंगल्याच्या छताकडे, झुंबराकडे, आणि दारात उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडे पाहून म्हणाले, "आणि आता जास्त. काय झेप आहे."

सगळ्या बंगल्यांतून हेच. एकाच्या वडिलांनी हमाली केली होती, एकाच्या आईनं दुसऱ्यांच्या घरी दळण दळलं होतं. त्या दळणवाल्या आईच्या नावानं गावात मंगल कार्यालय होतं. दोन दिवसांत मी नांदवडीतले सगळे गरिबांचे वडील श्रीमंत आणि सगळे श्रीमंतांचे वडील भिकेला लागलेले बघितले.

तिसऱ्या दिवशी आमच्या घराची पाळी होती. आदल्या संध्याकाळी मी आप्पांच्या चांगल्या कानाशी बसले.

"आप्पा, गल्ली काय सांगती त्ये तुमी सांगू नका. आजोबा काय करायचे?"

"मगदुमांच्यात मागावर हुते."

"आणि तुमी?"

"मगदुमांच्यात मागावर."

"एवढंच सांगायचं."

आप्पांनी टोपी चाचपली. "चारचौघांत बापाचं असं सांगायचं म्हंजे..." ते म्हणाले. "गल्ली काय म्हणंल?"

"गल्ली अलकाला सांगलीत जेवाय घालणार हाय?"

अलका पलीकडे भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला. आप्पांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मदतीला अर्धी गल्ली आमच्या दारात जमली होती. प्रश्न पुरा होण्याआधीच बंडूनानांनी सुरुवात केली, "ह्यांच्या वडलांचं तर काय सांगू साहेब..."

"नाना, थांबा जरा," आप्पा म्हणाले. आणि एका दमात त्यांनी दोन्ही उत्तरं दिली. बाप मागावर होता, मी मागावर आहे. बापाकडे काही नव्हतं, माझ्याकडे काही नाही.

नानींनी पदर तोंडाला लावला. "गणपा, पोरीचं वाटोळं केलंस," नाना म्हणाले, आणि गल्ली एकेक करून निघून गेली.

डॉक्टरही खूश दिसले नाहीत. रस्त्यावर आल्यावर त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "हे बाजूला ठेवावं लागेल."

"का सर? सगळ्यांत खरं तेवढंच हाय."

"अख्ख्या गल्लीत बाप आणि मुलगा दोघंही तळाला, असं हे एकच घर निघालं. एक म्हणजे अपवाद. अपवाद धरला की निष्कर्ष बिघडतो. शिवाय ते तुमचे वडील. तुमची बहीण वसतिगृहाची वाट पाहतेय. तुमचं हित यात गुंतलेलं आहे." त्यांनी पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. हित गुंतलेलं नसलेलं असं एखादं घर नांदवडीत त्यांना कुठं दिसलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. रागानं माझे डोळे भरले, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

महिन्याभरानं अहवाल जाहीर झाला, त्याच दळणवाल्या आईच्या मंगल कार्यालयात. अध्यक्ष तात्यासाहेब मगदूम. शेजारी मुंबईहून आलेले एक विश्वस्त. गल्ली झाडून हजर होती. मी आणि अलका बायकांच्या बाजूला, आप्पा समोर पुरुषांत.

"बापाच्या मिळकतीवरून मुलाची मिळकत ठरते, असं जगभर दिसतं," डॉक्टर म्हणाले. "नांदवडीत मात्र तसं नाही. इथं गरिबाचा मुलगा कारखानदार होतो आणि श्रीमंताचा मुलगा मजूर. असं गाव मी आजवर पाहिलं नव्हतं."

सगळ्यांत जास्त टाळ्या आमच्या गल्लीनं वाजवल्या. 'श्रीमंताचा मुलगा' म्हणताना डॉक्टरांनी त्यांच्याकडे हात केला होता. बंडूनाना ताठ बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांची श्रीमंती व्यासपीठावरून मान्य झाली होती.

मग विश्वस्त उठले. ज्या गावात बापाची गरिबी मुलाला आडवी येत नाही, तिथल्या मुलांना फुकट जेवायला घालणं म्हणजे त्यांच्या जिद्दीचा अपमान, असं त्यांनी सांगितलं. वसतिगृह या वर्षीपासून बंद. त्या पैशांतून दरवर्षी स्वकर्तृत्व पुरस्कार द्यायचा, आणि पहिला पुरस्कार तात्यासाहेबांना. शाल निघाली, नारळ निघाला. अलकानं माझा हात धरला तो तिथून पुढं सोडला नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा आप्पा उभे होते.

"साहेब, माझं उत्तर ह्यात का धरलं न्हाई?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "आपण?"

"गणपती बुगड. माझा बाप ह्यांच्या बापाच्या मागावर हुता. मी ह्यांच्या मागावर हाय. माझ्या पोरीला हॉस्टेल पायजे."

गल्लीनं माना खाली घातल्या. आता एकानं जरी उठून 'आमचंबी तसंच' म्हटलं असतं, तरी अहवालाला तिथंच भोक पडलं असतं. पण उठायचं म्हणजे सगळ्या गावादेखत आपल्या मेलेल्या बापाचा घोडा विकायचा. ते कुणाला जमलं नाही, आणि त्यांचा मला आजही राग येत नाही.

तात्यासाहेब रागावतील असं मला वाटलं होतं. ते उलट हसले आणि त्यांनी माईक पुढं ओढला.

"गणपती कधी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "त्याचे वडील आणि माझे वडील एकाच मागावर राबले. एका ताटात जेवले. सुरुवात दोघांची एकच. पुढं ज्यानं त्यानं आपापलं बघितलं."

पुन्हा टाळ्या. डॉक्टर तर खुर्चीतून उठलेच. इतकं सुरेख उदाहरण त्यांना पूर्ण नांदवडीत मिळालं नव्हतं.

"विलक्षण," ते म्हणाले. "बुगड, सुरुवात एकच होती, मग हे इथवर आले आणि आपण मागे राहिलात. आपल्याला स्वतःला काय कारण वाटतं?"

आप्पांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेब शाल सावरत हसतच होते, पण डोळे आप्पांवर होते. दुसऱ्या दिवशी आप्पांची सकाळपाळी होती. ज्या माणसानं तापातसुद्धा कधी पाळी चुकवली नाही, त्यानं टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"आळस, साहेब," आप्पा म्हणाले.

हशा पिकला. डॉक्टरांनी हे उत्तर मला लिहायला सांगितलं नाही, स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

"खरं बोलायला छाती लागते," तात्यासाहेब म्हणाले. "गणपती, धाकटीची काळजी करू नको. सोमवारपासून तिला आपल्याकडं कांड्या भरायला पाठव." यालाही टाळ्या मिळाल्या, आणि आप्पांना हात जोडावे लागले.

घरी येऊन आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मधेच नानी डोकावून गेल्या. "पुण्याचं स्थळ गेलं तर जाऊ दे," त्या मला म्हणाल्या. "गल्ली दुसरं बघंल."

अलका ताट घेऊन आप्पांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली.

"आप्पा, जेवा."

"तुझ्यादेखत बोललो गं मी," आप्पा म्हणाले.

"बरोबर बोललासा," अलका म्हणाली. "खरं सांगितलं असतंसा तर मालकानं उद्या काढून टाकलं असतं. मग घरात बसला असतासा, आणि आळशी म्हणून सगळ्यांनी बोट दाखवलं असतं. त्यापेक्षा ह्ये बरं."

सोळा वर्षांच्या पोरीनं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की आप्पांनी ताट पुढं ओढून निमूट जेवायला सुरुवात केली. सोमवारी आप्पा आणि अलका एकाच सायकलवरून मगदुमांच्या कारखान्यात गेले.

अलका अजून तिथंच आहे. तात्यासाहेब आता थकले, कारखाना त्यांचा मुलगा अजित बघतो. आमचे आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. परवा अलकाचा फोन आला, की यंदाचा स्वकर्तृत्व पुरस्कार अजित मगदुमांना मिळाला. कामगारांना अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन सत्काराला बसवलं होतं. अजितनं भाषणात सांगितलं, की माझे वडील फार गरीब होते. तात्यासाहेब समोरच्या कोचावर बसून मान डोलावत होते.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आदी," अलका म्हणाली. "माझ्या पोरीला त्यांच्या हापिसात घ्यायचं चाललंय न्हवं."